पंचवीस मिनिटांवरचं कुडाळ

मंदाकिनीबाईंना कुठल्याही गावाचं अंतर विचारलं की त्या आधी वर बघत. वर छत असेल तर छताकडे, फणस असेल तर फणसाकडे. मग सांगत, "कोल्हापूर? वीस मिनिटं." "पुणं? चाळीस. पण ढग नसले तर." विचारणारा बिचारा बहुधा हातात पिशवी घेऊन एसटी स्टँडकडे निघालेला असायचा. तो "बरं" म्हणायचा आणि पुढे जाऊन पानवाल्याला पुन्हा विचारायचा.

बाई आता नाहीत. होत्या तोवर त्यांच्या या सवयीला गाव हसायचं, आणि गावाबरोबर मीही. हल्ली मला कोणी कुडाळ किती लांब म्हणून विचारलं, तर मी किलोमीटर सांगतो आणि विषय बदलतो.

आम्ही रत्नागिरीच्या एकाच ज्युनियर कॉलेजात होतो. त्या भूगोल शिकवायच्या, मी तर्कशास्त्र. भूगोलाला वर्ग भरून मुलं असत. तर्कशास्त्राला, ज्यांना दुसरं काही मिळालं नाही ती. त्यामुळे स्टाफरूममध्ये बसायला मला भरपूर वेळ असे आणि बाईंचा तास भिंतीपलीकडून आपोआप ऐकू येई. भिंत चांगली जांभ्याची होती, पण त्या आवाजापुढे जांभ्याचं काही चालत नसे. बाई उंच, ताठ, साडीला कायम इस्त्री. त्या व्हरांड्यातून चालत आल्या की समोरचा बाजूला होई. प्राचार्यसुद्धा होत, आणि मग आपण का झालो म्हणून थोडा वेळ गोंधळून उभे राहत.

त्यांच्या पर्समध्ये शिवणाचा काळा दोरा असे. नकाशावर दोन गावांवर बोटं दाबून धरायची, मध्ये दोरा ताणायचा आणि वर्गाकडे बघायचं. "हे अंतर. बाकी सगळी वळणं. रस्ता माणसांनी केलाय, अंतर देवानं." देव हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेवढ्याच वाक्यात ऐकला. एरवी त्या देवाधर्माच्या गोष्टींना 'हवामानाचा अंदाज' म्हणत. एकदा चाचणीत त्यांनी रत्नागिरी ते कुडाळ अंतर विचारलं, तेव्हा लांज्याच्या एका मुलानं लिहिलं, 'कोणाकडे जायचं आहे त्यावर अवलंबून आहे.' बाईंनी त्याला शून्य दिलं. मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते, पण तो माझ्या विषयाला नव्हता.

प्रश्नात कुडाळ उगाच नव्हतं. कुडाळला गोदू होती.

गोदू म्हणजे गोदावरी, बाईंची धाकटी बहीण. वडील पोस्टात होते आणि त्यांना नद्यांचा षोक होता. मोठीला त्यांनी स्वर्गातली नदी दिली आणि धाकटीला जमिनीवरची. दोघी तशाच निघाल्या. बाईंनी लग्न केलं नाही. गोदूचं विसाव्या वर्षी कुडाळात झालं, आणि पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिची भाषा पार तिकडची झाली. बुटकी, हसताना पदर तोंडावर धरणारी, मे महिन्यात आठ दिवस माहेरपणाला यायची ती कोकमं, कुळथाचं पीठ आणि कुडाळातल्या सगळ्या बातम्या घेऊन. तिच्यापुढे बाईंचा आवाज निम्मा होई. गोदू स्टुलावर चढून त्यांच्या फळ्या पुसायची आणि खालून बाई, ज्यांना प्राचार्य वाट देत, म्हणायच्या, "गोदे, पडशील. उतर ना गं."

"पडले तर तुझ्यावरच पडेन गो ताई. तू मऊ आहेस."

असं बाईंना बोलू शकणारं माणूस जगात एकच होतं.

आमच्या गावाला विमानतळ आहे, हे आम्हाला मुख्यतः कानांमुळे माहीत. वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, धावपट्टी आहे, तिथे गणवेशातली माणसं गणवेशातली विमानं उतरवतात, आणि आम्ही बोलता बोलता मध्येच थांबून ती जाईपर्यंत वाट बघतो. तिकडे कुडाळच्या अंगालाही सड्यावरच असाच एक छोटा तळ झाला. मग आमच्याकडे प्रवाशांसाठी इमारत होणार अशी बातमी आली, पाठोपाठ बोर्ड आला. बोर्ड लागला की निम्मं काम झालं असं आम्ही मानतो, आणि बहुतेक वेळा ते निम्म्यावरच राहतं.

बाईंना तेव्हा निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. आयुष्यभर नकाशावर ताणलेला दोरा आता आभाळात ताणला जाणार म्हटल्यावर त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. त्यांनी हवाई सेवा नागरिक मंच काढला. अध्यक्ष त्या, सचिव कोणीतरी, सदस्य आम्ही. मागणी एकच: दोन तळांमध्ये छोटं विमान सुरू करा. रत्नागिरी ते कुडाळ, पंचवीस मिनिटं.

"सकाळी चहा घेऊन निघायचं," बाई सांगत, "गोदूकडे दुसरा चहा घ्यायचा, दुपारी जेवायला घरी."

पुण्याहून एक इंजिनिअर मंचाच्या बैठकीला आला होता. सभ्य माणूस. तो म्हणाला, "मॅडम, इतके जवळ दोन तळ असले की विमान चढतंय न चढतंय तोच उतरायला लागतं. पंचवीस मिनिटं हवेत, आणि सामान तपासणं, रांगा, वाट बघणं धरून तीन तास जमिनीवर. कोण चालवणार?"

बाईंनी त्याच्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. "तुम्ही महामार्गानं लांज्याच्या पुढे कधी गेलायत?"

"गेलोय की."

"परत आलात?"

"आलो म्हणून तर इथे आहे."

"मग तुमचं नशीब. सगळ्यांचं तसं नसतं."

सगळे हसले. इंजिनिअरही हसला आणि त्यानं चष्मा पुसला. नुकताच महामार्गावर ओणीजवळ अपघात झाला होता, आणि हसणाऱ्यांपैकी एकाच्या घरातलं माणूस त्या गाडीत होतं. ते आठवल्यावर आम्ही एकेक करून थांबलो.

मग मंचाची ती जाहीर सभा झाली. मोठा हॉल, फुलांच्या माळा, स्टेजवर मान्यवर. आमच्याकडे स्टेजवर बसणाऱ्याला मान्यवर म्हणतात. खुर्च्या कमी पडल्या की तेवढे मान्यवर कमी होतात. प्रमुख पाहुणे महामार्गानं येत असल्यामुळे दोन तास उशिरा पोचले. विमानसेवेच्या बाजूनं त्या दिवशी झालेला सगळ्यांत प्रभावी युक्तिवाद तोच. पाहुण्यांनी "येत्या गणपतीत विमान उडालं असं समजा" असं सांगितलं, बाईंना शाल आणि नारळ दिला, आणि पहिल्या विमानातली पहिली खुर्ची बाईंची, असं जाहीर केलं. टाळ्या झाल्या.

बाई माइकपाशी गेल्या. खरं तर आभार मानून बसायचं होतं. पण अंगावर शाल पडली की माणसाला एक वाक्य जास्त बोलावंसं वाटतं, आणि मी पाहिलेले बहुतेक अनर्थ त्या एका वाक्यातून निघालेत.

"आज या व्यासपीठावरून मी शब्द देते," बाई म्हणाल्या, "की यापुढे दक्षिणेला जाईन तर विमानानंच! तोवर ना रस्त्यानं, ना रेल्वेनं."

स्टेजवर टाळ्या सुरू झाल्या. त्या पहिल्या दोन-तीन रांगांपर्यंत पोचल्या आणि तिथे विरल्या. पुढच्या रांगांत वयस्कर मंडळी होती. आपल्याकडे दक्षिणेला तोंड करून दिवा कधी लावतात, हे त्या मंडळींना ठाऊक होतं. एका आजींनी हळूच आपले पाय कुठल्या दिशेला आहेत ते बघितलं. बाईंनी हॉल भरायला म्हणून आपल्या घरकामाच्या सुगंधालाही आणलं होतं. ती माझ्या मागेच बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, "अगो बाय माजे! दखणेला जायन बोलतायत, भरल्या सभंत! असा कोन बोलतो काय?"

नंतर चहाच्या वेळी मी बाईंना म्हटलं, "तुम्हाला कुडाळ म्हणायचं होतं."

"मी भूगोलाची आहे, सर. गावांची नावं बदलतात. दिशा बदलत नाही."

"दिशेबद्दल लोकांच्या काही समजुती असतात."

"लोकांच्या असतात. होकायंत्राच्या नसतात." त्यांनी बशीतली बिस्किटं माझ्याकडे सरकवली.

वर्तमानपत्रात फोटो आला, मोठ्या अक्षरांत मथळा आला, आणि दोन-तीन दिवसांनी मला त्याच कागदातून भजी मिळाली. तेलामुळे बाई आरपार दिसत होत्या. गाव ते वाक्य तेवढ्यातच विसरलं. सचिव विसरले, पाहुणे तर गाडीत बसतानाच विसरले असतील. बाई विसरल्या नाहीत. बोललेलं वाक्य खरं ठेवायचं, हा त्यांचा एकुलता एक धर्म होता आणि तो त्या कर्मठपणे पाळीत.

पहिल्यांदा गंमत वाटली. पावसला एका माजी विद्यार्थिनीचं लग्न होतं. पावस आमच्या दक्षिणेला. बाईंनी आहेर पाठवला आणि बरोबर निरोप: 'पावसला विमानतळ नसल्यामुळे येऊ शकत नाही. आशीर्वाद.' नवऱ्याकडच्यांना हा निरोप कळायला फार वेळ लागला म्हणे. संध्याकाळी आम्ही फिरायला भाट्याच्या पुलापर्यंत जात असू. पूल ओलांडला की दक्षिण. बाई पुलाच्या तोंडाशी थांबत, कठड्याला हात लावत आणि वळत. पलीकडे सुरूची झाडं, वाळू, भेळेच्या गाड्या. मी पुढे जाऊन दोघांची भेळ बांधून आणी. ती खाताना बाई पलीकडे बघत. मी एकदा म्हटलं, "पूल संपेपर्यंत तरी या. पूल म्हणजे काही जमीन नव्हे."

"पळवाटा तुमच्या विषयात असतात, सर."

गणपती आले, गेले. विमान उडालं नाही. दिवाळी ठरली. दिवाळीत प्रवाशांच्या इमारतीला काचा लागल्या आणि त्यांत ढग छान दिसू लागले. मग मे ठरला. मे महिन्यात गोदू माहेरपणाला आली नाही.

तिच्या पोटात दुखत होतं. मुलगा प्रसाद, ज्याचं कुडाळात हार्डवेअरचं दुकान आहे, तिला गोव्याला घेऊन गेला. तिथे तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं म्हणजे पोट उघडून परत शिवलं, आणि डॉक्टरांनी प्रसादला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या.

हे मला प्रसादनं फोनवर सांगितलं तेव्हा बाई शेजारच्या खुर्चीत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मग वर बघितलं. बराच वेळ.

मला वाटलं, आता त्या उठतील, बॅग भरतील. दुसऱ्या दिवशी मी गाडीत पेट्रोल भरून त्यांच्या दारात गेलो. बाई फोनवर होत्या. पाहुण्यांच्या कार्यालयात, मग सचिवांना, मग त्या इंजिनिअरला. आवाज पूर्वीचाच. फोन ठेवून म्हणाल्या, "गणपतीत नक्की. चाचणीसाठी का होईना, एक विमान उडेल. मला नेतील."

"बाई, मे संपतोय. गणपती कुठे आहेत?"

"येतील ना."

"गाडी बाहेर आहे. नाहीतर दुपारची रेल्वे आहे. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल." आणि मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही तर तर्कशास्त्र शिकवायचात. मी एक वाक्य बोलले. ते खरं राहायला हवं की नको?"

मला वाटलं, त्यांना त्यांच्याच शस्त्रानं हरवावं. म्हटलं, "तुमचं वाक्य 'जाईन तर विमानानंच' असं आहे. तुम्ही कधी गेलाच नाहीत, तरी ते खरंच राहतं. तर्कशास्त्राची काही हरकत नाही. आता हे किती हास्यास्पद आहे ते बघा."

बाईंनी विचार केला. "म्हणजे न गेल्यानं ते मोडत नाही."

"नाही, पण..."

"मग झालं तर."

चहा थंड झाला होता. तो पिऊन मी आलो.

पावसाळाभर रोज संध्याकाळी गोदूचा फोन येई. बाई तो स्पीकरवर ठेवत, कारण फोन कानाला लावणं त्यांना खालच्या दर्जाचं वाटे. अनेकदा मी तिथे असे. बाहेर पाऊस, आत तो बारीक होत चाललेला आवाज.

"काय गो ताई, आलं काय तुझं विमान?"

"येतंय. गणपतीत नक्की."

"मग घावणे करायला हवेत मला."

"तू काही करू नकोस. पडून राहा."

"पडूनच आहे. प्रसादची बायको उठूच देत नाही. काल म्हटलं तिला, जरा खिडकीशी बसव. ताईचं विमान गेलं तर दिसायला नको?"

"तळ तुमच्या घरापासून लांब आहे, गोदे. दिसणार नाही."

"आवाज तरी येईल. तुझा येतो तसा."

हसायचा आवाज यायचा, मग खोकल्याचा, मग प्रसादची बायको फोन घ्यायची. बाई स्पीकर बंद करून बोट तिथेच ठेवून बसत. एकदाही गोदू 'ये' म्हणाली नाही. मला त्याचं नवल वाटायचं. आधी वाटलं, तिला आपलं दुखणं कळलेलं नसेल. तसं नव्हतं.

गणपतीच्या आधी प्रसाद स्वतः रत्नागिरीला आला. बँकेचं काम काढून आला होता, पण बाईंसाठीच आला होता. थकलेला दिसत होता. बाईंनी त्याला पोहे दिले. त्यानं बशी हातात धरली, खाल्लं नाही.

"मावशी, मी आलोय हे आईला सांगू नकोस. तिनं बजावलंय मला. म्हणते, ताईला बोलवायचं नाही. ताईचा नेम आहे. तो मोडायला लावू नको."

"नेम?" बाई ताठ झाल्या. "हा नेम नाही. हा निषेध आहे."

"आईला त्यातलं काय कळतं? ती म्हणते, ताई नको त्या दिशेचं बोलून बसलीय. आता मोडलं तर तिचंच काहीतरी बरंवाईट होईल. माझं काय, मी चाललेच आहे, ताई राहू दे, म्हणते."

बाई हसल्या. मोठ्यानं, वर्गात हसत तशा. ते हसणं मध्येच तुटलं, आणि त्यांनी साडीचा काठ सारखा केला, जो सारखाच होता.

"अडाणी आहे," त्या म्हणाल्या. "आधीपासून अडाणी. तिला सांग, असं काही नसतं."

"तूच ये आणि सांग."

स्वयंपाकघराच्या दारात सुगंधा उभी होती. ती हात पुसत म्हणाली, "जावा ओ बाई. मी देवाक सांगतंय सगला. देव ऐकतो."

बाईंनी प्रसादच्या हातातली पोह्यांची बशी काढून टेबलावर ठेवली. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघताना पहिल्यांदा भीती वाटली. दोघी बहिणी एकाच वाक्यात अडकल्या होत्या. एकीचा त्या वाक्यावर विश्वास होता म्हणून ती बोलावत नव्हती. दुसरीचा दक्षिणेवर, यमावर, कशावरच विश्वास नव्हता, आणि तरी ती जात नव्हती. आणि ज्यांच्यासमोर ते वाक्य बोललं गेलं त्या शेकडो माणसांपैकी एकालाही ते आठवत नव्हतं. मी विचारून पाहिलं होतं. सचिव म्हणाले, "प्रतिज्ञा? कसली हो? बाईंनी ना? असेल, असेल."

हे मी बाईंना सांगितलं. त्यांना ते अपमानासारखं वाटलं. म्हणाल्या, "मग कोणीतरी लक्षात ठेवायलाच हवं."

गणपतीत विमान उडालं नाही. तळावर कसलीशी परवानगी यायची होती; ती कुठून यायची, यावर दोन मतं होती. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात आमच्याकडे कोणी नवं काही करत नाही, प्रवासाला निघायचंसुद्धा टाळतात. गोदूनं तेवढ्यातच ठरवलं.

दुपारी जेवण होऊन मी आडवा होणार, एवढ्यात बाईंचा फोन. आवाज इतका खाली की मी नाव विचारलं.

"सर, गोदू येतेय."

"येतेय म्हणजे?"

"अँब्युलन्स केलीय तिनं. म्हणाली, ताईनं यायचं नाही असं आहे ना, मग मी गेले तर चालतं. मी तर उत्तरेला जाते. प्रसादनं हात जोडले, ऐकली नाही. निघालेत सुद्धा. कणकवली सोडली." मग थोडं थांबून, "आमच्या गल्लीत अँब्युलन्स वळत नाही. तुम्ही मारुती मंदिरापाशी थांबून त्यांना आणाल ना?"

मी आधी त्यांच्याकडे गेलो. बाईंनी पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग ओढून घेतला होता, एकट्यानं. धुवट चादर, दोन उशा, तिसरी पायाखाली. गॅसवर मऊ भात होता. सुगंधाला त्यांनी कुळथाचं पिठलं करायला सांगितलं होतं. गोदू आणायची तेच पीठ, मागच्या वर्षीचं, डब्याच्या तळाशी उरलेलं.

दर थोड्या वेळानं प्रसादचा फोन येई. बाई आता फोन कानाला लावत होत्या. खारेपाटण. मग बराच वेळ काही नाही. मग राजापूरचा घाट. प्रत्येक नाव आलं की बाई ते पुन्हा म्हणत, हळू, जणू पहिल्यांदा ऐकतायत. इतकी वर्षं ती गावं त्यांनी वरून ओलांडली होती.

"ओणी आली का?" त्यांनी विचारलं. "ओणीचं ते वळण संपलं का, विचारा ना."

"तुमच्याच हातात फोन आहे, बाई."

त्यांनी फोनकडे बघितलं. तो वाजला नाही.

माझा वाजला.

प्रसाद होता. "सर, मावशी आहे का जवळ?"

"आहे."

"राजापूर सोडून पुढे आलोय. ओणीच्या जरा आधी थांबलोय, पेट्रोल पंपाच्या पुढे. मावशीला घेऊन या."

"आत्ता निघतो."

"सावकाश या, सर," तो म्हणाला. "घाई नाही आता."

मी फोन खिशात ठेवला. बाई माझ्यासमोर उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याहून उंच आहेत हे मला कधी विसरता आलं नव्हतं. त्या क्षणी आम्ही बरोबरीचे होतो.

"काय म्हणाला?"

"थांबलेत. तुम्हाला बोलावलंय."

"गाडी बिघडली?"

"नाही."

"मग?"

"सावकाश या म्हणाला."

सुगंधानं पातेल्यावरचा हात काढून तोंडावर धरला. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅस बंद केला. पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती होती, ती हातानं काढली. चपला घातल्या. दाराला कडी लावताना ती नीट बसेना, तेव्हा दुसऱ्यांदा लावली. आणि माझ्या गाडीत पुढे येऊन बसल्या.

हातखंबा आलं. तिथे उजवीकडे वळलो, महामार्गाला लागलो. पाऊस नव्हता. चौपदरी काँक्रीट, दोन्ही बाजूंना कापलेला लाल डोंगर, मध्येच अर्धा उभा असलेला पूल आणि त्याच्या पायाशी उभी असलेली म्हशींची रांग. बाई समोर बघत होत्या. लांजा आलं, गेलं. त्या एकदाही वर बघत नव्हत्या. लांज्याच्या पुढे एक लांब उतार लागतो, तिथे गाडी आवाज न करता वाहत गेल्यासारखी गेली, आणि बाई म्हणाल्या,

"रस्ता बराच झालाय की."

"हो," मी म्हटलं.

"कधी झाला?"

"वर्ष होत आलं असेल," मी सांगितलं.

अँब्युलन्स पलीकडच्या बाजूला उभी होती, आमच्याकडे तोंड करून. मी गाडी कडेला लावली. मधला दुभाजक कमरेएवढा होता. बाईंनी साडी वर धरली आणि सत्तरी उलटलेली ती बाई दोन्ही हात टेकून त्यावर चढली. प्रसाद पलीकडून धावत आला आणि त्यानं तिला उतरवून घेतलं. मागचं दार उघडं होतं. बाई आत गेल्या. मी दुभाजकापाशीच थांबलो. गाड्या जात होत्या, त्यामुळे आतलं काही ऐकू आलं नाही. बाईंचा आवाज ऐकू न येण्याची ती पहिलीच वेळ.

बऱ्याच वेळानं ड्रायव्हर प्रसादपाशी आला. त्यालाही अवघड झालं होतं. "दादा, मग आता कुठं घ्यायची? पुढं रत्नागिरी, की माघारी?"

प्रसादनं दाराकडे बघितलं. बाई दारात आल्या, वाकून, वरची दांडी धरून.

"कुडाळला," त्या म्हणाल्या. "तिचं घर तिथे आहे."

"मावशी, तू सरांबरोबर जा. मी करतो सगळं."

"तिला एकटीला नेतोस होय?" आणि मग माझ्याकडे वळून, दुभाजकाच्या पलीकडून, अगदी साध्या आवाजात, "सर, सुगंधाला सांगा भात गाईला घाल. दिवस झाले की येते मी."

मी हो म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

अँब्युलन्सला तिथे वळता येत नव्हतं. दुभाजकाला मोकळी जागा पुढे, रत्नागिरीच्या बाजूला होती. ती तिकडे गेली, आणि मी माझ्या गाडीपाशी उभा राहून वाट बघत राहिलो. थोड्या वेळानं ती माझ्या बाजूनं परत आली. भोंगा बंद होता, वरचा दिवाही बंद. काच अर्ध्यापर्यंत पांढरी होती. वरच्या पट्टीतून बाईंचं कपाळ दिसलं आणि एक हात, खाली झोपलेल्या कोणाच्या तरी अंगावरची चादर सारखी करणारा. मी हात वर केला. त्यांचं लक्ष नव्हतं. गाडी उताराला लागली, पुढच्या ट्रकच्या मागे गेली, आणि ट्रक बाजूला झाला तेव्हा रस्ता मोकळा होता.